डोळस हात

रात्रीचा पहिला प्रहर उलटून गेला आहे. लांकडी घरांच्या अरुंद गल्लींतून लहानशा पाव्याचा एक बारीक, लांबलेला सूर ऐकूं येतो. त्याच्या मागोमाग काठीची टक् टक् ऐकूं येते, आणि कोणी तरी दार सरकवून हांक मारतें. हांक ऐकतांच काठी थांबते. आंत येणारा मनुष्य आंधळा असतो. दिवसभर ओझीं वाहून अथवा दुकानांत बसून आंखडलेलें शरीर तो चेपतो, रगडतो, हलक्या मुठींनीं ठोकतो, आणि आपले पैसे घेऊन पुन्हां गल्लींत निघून जातो. पावा पुन्हां वाजूं लागतो. जपानांतील एदो शहरांत, म्हणजे आज ज्यास टोकियो म्हणतात त्या नगरींत, हा सूर कित्येक पिढ्यांनीं ऐकला. त्या मनुष्यास लोक ‘अन्मा’ म्हणत, आणि अन्मा हेंच त्याच्या विद्येचेंहि नांव होतें. ‘अन्’ म्हणजे दाबणें आणि ‘मा’ म्हणजे चोळणें.

श्रोतेहो, अंगमर्दन ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला तेल लावून न्हाऊं घालणारी बाई गांवोगांवीं असते. तालमींत जोर-बैठका झाल्यावर पहिलवानाचें अंग रगडलें जातें. दिवाळीच्या पहांटेचें अभ्यंगस्नान कोणास ठाऊक नाहीं? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत तर नित्य अभ्यंगाचे गुण विस्तारानें सांगितले आहेत. परंतु इतकी जुनी ही कला असूनहि ती बहुधा एका हातांतून दुसऱ्या हातांत अशीच उतरत आली. तिची शाळा नाहीं, परीक्षा नाहीं, आणि जो ती करतो त्यास विद्वान् कोणी म्हणत नाहीं. तो चाकरी करतो असेंच समजलें जातें. जपानांतहि मूळची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. तरीहि त्या देशांतील अंधांनीं ह्याच कलेची शिस्तबद्ध विद्या बनविली, तिची शाळा काढली, आणि पुढें तिला कायद्याचें पाठबळहि मिळविलें. दृष्टि नसलेल्या माणसास भिक्षेवांचून सन्मानानें पोट भरतां यावें, हा प्रश्न ज्या थोड्या देशांनीं बऱ्याच अंशीं सोडविला त्यांत जपानची गणना केली पाहिजे. हें कसें घडलें हें पाहण्यासारखें आहे.

मध्ययुगापासून जपानांतील अंध पुरुषांची ‘तोदोझा’ नांवाची एक श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांची संघटना, होती. तिचे सभासद ‘बिवा’ नांवाचें तंतुवाद्य वाजवून जुन्या युद्धकथा गात असत. श्रेणींत पायऱ्या असत. सर्वांत वरच्या पदवीस ‘केन्ग्यो’ म्हणत, आणि सर्वांत खालच्यास ‘झातो’. वर चढावयाचें तर गुण हवे आणि पैसाहि हवा. पुढें एदोच्या काळांत गायनवादनाच्या जोडीस मर्दन आणि सूचिचिकित्सा, म्हणजे शरीरांत बारीक सुया टोंचून करावयाचा उपचार, हे दोन व्यवसाय ह्या श्रेणींतील लोकांनीं उचलले. परंतु गाणें हें कानानें शिकतां येतें. मर्दन आणि सुई यांना शरीराचें ज्ञान लागतें. तें ज्ञान अंधास द्यावें कोणीं आणि कसें?

ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यानें दिलें त्याचें नांव सुगियामा वाइची. त्याचा जन्म इ. स. १६१० च्या सुमारास झाला. लहानपणींच त्याची दृष्टि गेली. तरुणपणीं तो एदो येथें येऊन एका नामांकित गुरूपाशीं सूचिचिकित्सा शिकूं लागला. परंतु त्याची प्रगति इतकी मंद होती, कीं गुरूनें शेवटीं त्यास काढून लाविलें. ज्याला विद्या येत नाहीं म्हणून घरीं पाठविलें, तोच पुढें त्या विद्येचा आचार्य झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

येथें एक आख्यायिका सांगतात. निराश झालेला वाइची समुद्रकांठच्या एनोशिमा बेटावर गेला. तेथें बेन्झाइतेन देवीचें स्थान आहे. ही देवी म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून बौद्ध धर्माबरोबर भारतांतून चीनमार्गें जपानांत गेलेली सरस्वतीच होय; तिच्या हातीं तेथेंहि वीणेसारखें वाद्य असतें. वाइचीनें तिच्या गुहेंत उपवास आरंभिला. परत येतांना तो एका दगडास अडखळून पडला, आणि त्याच्या अंगास कांहीं तरी टोंचलें. चांचपून पाहतां तें देवदारासारख्या वृक्षाचें सुईसारखें पान असून एका पोकळ नळींत अडकलेलें आहे असें त्याच्या हातास लागलें. तेव्हां त्याच्या मनांत विचार आला, कीं सुई जर अशी नळींत घालून टोंचली, तर ती वांकडी होणार नाहीं, सरकणार नाहीं, आणि डोळ्यांनीं पाहण्याचीहि गरज पडणार नाहीं.

आख्यायिका खरी असो वा नसो, नळी मात्र खरी आहे. सुईहून किंचित् आंखूड अशी बारीक नळी त्वचेवर टेंकवावयाची, तींत सुई सोडावयाची, आणि वर राहिलेल्या टोंकावर बोटानें हलकेंच ठोकावयाचें, ही रीत सुगियामाच्या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि आजहि जपानांत व जपानाबाहेर हीच नळी सर्रास वापरतात. तिचा फायदा डोळसांनाहि झाला. कारण नळीमुळें सुईची वेदना फारच कमी होते. अंधाची अडचण दूर करण्यासाठीं काढलेली युक्ति सर्वांच्याच उपयोगी पडली.

वाइचीची कीर्ति वाढली, आणि जपानचा तत्कालीन सत्ताधीश शोगुन त्सुनायोशी यानें त्यास आपल्या उपचारासाठीं बोलाविलें. एकदां शोगुनानें त्यास विचारलें, कीं तुला काय पाहिजे? वाइचीनें उत्तर दिलें, कीं एक डोळा पाहिजे, असें सांगतात. डोळा देणें शोगुनाच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यानें एदोच्या होन्जो भागांतील ‘हितोत्सुमे’ नांवाची जागा त्यास बक्षीस दिली. हितोत्सुमे ह्या शब्दाचा एक अर्थ ‘पहिलें’ असा आहे, आणि दुसरा ‘एक डोळा’ असा आहे! त्या जागीं वाइचीनें एनोशिमाच्या देवीचें देऊळ बांधलें. टोकियोंत तें स्थान आजहि आहे. वाइची इ. स. १६९४ मध्यें वारला.

परंतु राजाच्या बक्षिसापेक्षां वाइचीचें मोठें काम दुसरेंच होतें. इ. स. १६८२ च्या सुमारास त्यानें अंधांना सूचिचिकित्सा व मर्दन शिकविण्याची पाठशाळा सुरू केली, आणि पुढें त्याच्या शिष्यांनीं अशा पाठशाळा निरनिराळ्या प्रांतांत काढल्या. युरोपांत अंधांची पहिली शाळा पॅरिस येथें व्हॅलेंटीन हाउई यानें काढली ती इ. स. १७८५ च्या सुमारास, म्हणजे ह्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं. मंदबुद्धि ठरवून घालविलेल्या एका शिष्यास हें कळून चुकलें होतें, कीं दोष शिष्याच्या बुद्धींत नसून शिकविण्याच्या रीतींतहि असूं शकतो. अंधाला देव जन्मतःच स्पर्शाची जास्त शक्ति देतो अशी पुष्कळांची समजूत असते. वाइचीचें चरित्र त्या समजुतीच्या उलट साक्ष देतें. बोटांना दिसूं लागतें तें शिक्षणानें आणि सरावानें.

तें शिक्षण असें असतें. प्रथम विद्यार्थ्याच्या हातांत माणसाच्या सांपळ्याचीं हाडें दिलीं जातात. मणका कोणता, खांद्याचें पातें कोठें संपतें, कमरेच्या हाडाची कड कशी वळते, हें तो चांचपून पाठ करतो. मग तेंच हाड जिवंत शरीरांत, त्वचेच्या व स्नायूंच्या खालीं, त्याला शोधून काढावें लागतें. विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर सराव करतात. त्यामुळें जो हात चुकतो त्याची चूक दुसऱ्याच्या पाठीला तात्काळ कळते, आणि थोड्या वेळानें त्याचीच पाठ पुढें यावयाची असल्यामुळें तो ती चूक बोलून दाखविण्यास कचरत नाहीं. नखें कापलेलीं व हात ऊबदार असले पाहिजेत, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, कीं आंगठ्याच्या बळानें दाबूं नये. सर्व शरीराचा भार हळूहळू आंगठ्यावर आणावा. जो केवळ बोटांनीं जोर करतो, त्याचे आंगठे थोड्याच वर्षांत निकामी होतात, आणि आंगठा गेला म्हणजे पोट गेलें.

मर्दनाचे प्रकारहि ठरलेले आहेत. हलक्या हातानें कुरवाळणें, कणकेप्रमाणें स्नायु मळणें, स्थिर दाब देणें, हाताचा सूक्ष्म कंप शरीरांत पोंचविणें, मुठींनीं अथवा तळहातांच्या कडांनीं ठोकणें, सांधे सावकाश फिरविणें, हे त्यांतील मुख्य होत. त्यांशिवाय ‘क्योकुते’ नांवाचा एक खास जपानी प्रकार आहे. त्यांत हात व बोटें अशा ठेक्यानें अंगावर पडतात, कीं तबल्याचे बोल ऐकल्यासारखें वाटावें. जपानी अन्मा आणि पाश्चात्य मसाज यांत एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. अन्मा वस्त्रावरून करतात, आणि त्यांत हाताची गति धडाकडून हातापायांच्या टोंकांकडे जाते. पाश्चात्य पद्धतींत तेल किंवा भुकटी लावून उघड्या त्वचेवर मर्दन करतात, आणि अशुद्ध रक्त हृदयाकडे परत जाण्यास साहाय्य व्हावें म्हणून हात टोंकांकडून हृदयाकडे नेतात. आजच्या जपानी विद्यार्थ्यास दोन्ही शिकावीं लागतात.

तथापि ह्या विद्येचा सर्वांत कठीण धडा हात कोठें लावावा हा नसून कोठें लावूं नये हा आहे. ताप आलेला असतां, त्वचेवर संसर्गजन्य रोग असतां, ताजी जखम अथवा सुजलेली, गरम झालेली जागा असतां मर्दन वर्ज्य आहे. पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी झाली असेल, तर पाय नुसता दुखतो व सुजतो. अशा पायास भलत्यानें रगडलें, तर गुठळी सुटून फुप्फुसांत जाते आणि मनुष्य दगावूं शकतो. मोडलेल्या हाडास किंवा निखळलेल्या सांध्यास डॉक्टरांच्या संमतीवांचून मर्दकानें हात लावूं नये, असें जपानी कायद्यांतच सांगितलें आहे. मर्दनानें स्नायु सैल होतात, वेदना शमते, झोंप येते, मनास विसांवा मिळतो. हे गुण थोडे नाहींत. परंतु जो सर्व रोग हातानें घालवितों म्हणतो, तो शिकलेला नव्हे, असें खुशाल समजावें. अडाणी आणि शिकलेला यांतील खरा भेद आपली मर्यादा ओळखण्यांतच दिसतो.

इ. स. १८७१ मध्यें जपानच्या नव्या मेइजी सरकारनें अंधांची ती जुनी श्रेणी मोडून टाकली. नव्या युगांत जन्मानें अथवा व्यंगानें कोणास खास हक्क असूं नयेत, हें तत्त्व चांगलें होतें. परंतु ज्यांस दुसरा आधार नव्हता त्यांचा आधार त्यानें एका दिवसांत गेला. पदव्या गेल्या, आणि मर्दनाच्या धंद्यांत डोळस लोकहि शिरूं लागले. अशा वेळीं पुन्हां शाळाच उपयोगीं पडली. इ. स. १८७८ मध्यें क्योतो येथें अंध व मुकबधिर यांची शाळा निघाली. दोन वर्षांनीं टोकियोंतहि शिक्षण सुरू झालें. फ्रान्समध्यें लुई ब्रेल यानें शोधलेली उठावदार ठिपक्यांची लिपि जपानी भाषेस जुळवून इ. स. १८९० मध्यें स्वीकारण्यांत आली, आणि शरीरशास्त्राचीं पुस्तकें अंधाच्या बोटांखालीं आलीं. जी बोटें पाठीचे मणके वाचीत होतीं, तीं आतां अक्षरेंहि वाचूं लागलीं. इ. स. १९११ मध्यें सरकारनें असा नियम केला, कीं मर्दनाचा धंदा करावयाचा तर परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे अथवा मान्य शाळेंत शिक्षण झालेलें पाहिजे. त्यांत अंधांसाठीं एक सोपी परीक्षाहि ठेवण्यांत आली होती.

परीक्षेनें धंद्यास प्रतिष्ठा कशी येते याचें एक उदाहरण इंग्लंडांतहि सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें मसाजच्या नांवाखालीं अनीतीचीं घरें चालतात असा गवगवा झाला, आणि प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या परिचारिकांकडे लोक संशयानें पाहूं लागले. तेव्हां इ. स. १८९४ मध्यें चार परिचारिकांनीं प्रशिक्षित मर्दिकांची एक संस्था स्थापिली. परीक्षा घ्यावी, डॉक्टरांच्या सांगण्यावांचून उपचार करूं नये, वाटेल तेथें जाहिरात देऊं नये, असे कडक नियम त्यांनीं स्वतःवर घालून घेतले. तीच संस्था वाढत जाऊन इ. स. १९४४ पासून भौतिकोपचार करणाऱ्यांची सनदी संस्था म्हणून ओळखली जाते. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांपैकीं कित्येकांना लंडनच्या सेंट डन्स्टन्स ह्या संस्थेनें मर्दनाचेंच शिक्षण देऊन पायांवर उभें केलें. बदनामीस शिस्तीनें उत्तर देतां येतें, हाच ह्या उदाहरणाचा अर्थ.

जपानांतील अंधांवर सर्वांत मोठें संकट आलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. देश हरला होता, आणि दोस्त राष्ट्रांचा लष्करी अंमल चालूं होता. त्या अंमलाच्या आरोग्यखात्यानें इ. स. १९४७ मध्यें सूचिचिकित्सा व तत्सम जुने उपचार अशास्त्रीय म्हणून बंद करावे, असें सांगितलें. हजारों अंध कुटुंबांची चूल त्यावर अवलंबून होती. तेव्हां अंध उपचारक देशभर एकत्र जमले, त्यांनीं अर्ज केले, मोर्चे काढले. कांहीं वैद्यकशास्त्रज्ञांनींहि त्यांची बाजू घेतली. त्यांचें म्हणणें असें नव्हतें, कीं दया करून धंदा करूं द्या. तुम्हांस शास्त्र हवें असेल तर आम्हांस शास्त्र शिकवा, परीक्षा घ्या, पण विद्या काढून घेऊं नका, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा झाला. मर्दन व सूचिचिकित्सा जिवंत राहिल्या. मात्र शिक्षण आणि परीक्षा सक्तीच्या झाल्या.

आतां नियम असा आहे, कीं मर्दनाचा परवाना हवा असणाऱ्यानें मान्य शाळेंत साधारणतः तीन वर्षें शरीररचना, शरीरव्यापार, रोगविज्ञान, आरोग्यशास्त्र, पौर्वात्य वैद्यकाचीं तत्त्वें आणि प्रत्यक्ष मर्दन शिकावें, व मग राष्ट्रीय परीक्षा द्यावी. अंधांच्या शाळांतून हें शिक्षण मिळतें, आणि परीक्षेचे प्रश्न ब्रेलमध्येंहि असतात. डोळसांसहि हा परवाना मिळतो, आणि आज परवानाधारकांत डोळसच बहुसंख्य आहेत. म्हणूनच इ. स. १९६४ मध्यें कायद्यांत असें एक कलम घालण्यांत आलें, कीं अंधांच्या उपजीविकेस बाध येऊं नये यासाठीं डोळसांकरितां ह्या विद्येच्या नव्या शाळा काढण्यास सरकारला परवानगी नाकारतां यावी. हें कलम धंद्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध आहे असा दावा न्यायालयांत गेला. त्याचा अखेरचा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें ७ फेब्रुवारी २०२२ रोजीं दिला, आणि कलम घटनेस धरून आहे असें ठरविलें.

ह्या निकालाविषयीं दोन मतें संभवतात. शिकूं इच्छिणाऱ्या डोळस तरुणाची वाट अडविणें न्याय्य कसें, असें एक पक्ष विचारील. त्यास दुसरा पक्ष उत्तर देईल, कीं डोळसापुढें शंभर वाटा आहेत, अंधापुढें फार थोड्या. त्या थोड्यांतलीहि जी त्यानें तीनशें वर्षें स्वतः झिजून तयार केली, तीवर तरी त्यास ढकलून पुढें जाऊं नये. दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे. परंतु कायद्यानें सर्व संकट टळलें असेंहि नाहीं. विश्रांतीचें नांव पुढें करून, परवाना न घेतां अंग चेपून देणारीं दुकानें जपानी शहरांत पुष्कळ निघालीं आहेत. ज्यानें तीन वर्षें घासली त्याच्या शेजारीं अल्पशिक्षित मनुष्य स्वस्तांत बसतो, आणि दुखावलेली पाठ घेऊन गिऱ्हाईक परत येईपर्यंत दोघांतील भेद कोणास दिसत नाहीं.

मुंबईस अंधांच्या शाळा विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं निघाल्या. वेताच्या खुर्च्या विणणें, गायनवादन इत्यादि कामांनीं कित्येकांस आधार दिला. जो देश चरकाच्या काळापासून अभ्यंगाचें महत्त्व जाणतो, त्या देशांत मर्दनाकडेहि त्याच आदरानें पाहिलें जावें ही अपेक्षा अवाजवी म्हणतां येणार नाहीं. बाळंतिणीच्या उशाशीं बसून तेल लावणाऱ्या बाईच्या हातांत, तालमींतल्या वस्तादाच्या आंगठ्यांत जें ज्ञान आहे, त्यास शाळा मिळाली, शरीरशास्त्राची जोड मिळाली आणि परीक्षेचा शिक्का मिळाला, तर त्याची किंमत वाढेल, आणि तें करणाऱ्याचीहि वाढेल. आंधळ्याच्या वाडग्यांत पैसा टाकणें सोपें आहे. त्याच्या हातास विद्या देणें कठीण आहे. पण वाडगा रोज रिता होतो, आणि विद्या होत नाहीं.

टोकियोच्या गल्ल्यांत तो पावा आतां ऐकूं येत नाहीं. त्याऐवजीं कित्येक मोठ्या कचेऱ्यांत कामगारांच्या आरोग्यासाठीं नेमलेला अंध मर्दक सकाळीं वेळेवर येतो, हात धुतो, आणि पहिल्या माणसास विचारतो, कीं आज कोठें दुखतें? उत्तर येण्यापूर्वींच त्याचीं बोटें खांद्यावर टेंकलेलीं असतात. भिंतीवर त्याचा परवाना टांगलेला असतो. तो त्यास दिसत नाहीं. परंतु तो तेथें आहे हें त्यास पक्कें ठाऊक असतें.